देकाराचं पत्र आलं. शेअर द्यायचे की ठेवायचे?

गडमुडशिंगीत कपाट उघडलं तर बऱ्याच घरांत शेअरचा एखादा कागद सापडेल. कारखान्याचा, विकास सेवा संस्थेचा, पतसंस्थेचा. हा शेअर दर्शनी किमतीला घेतलेला असतो आणि सभासदत्व सोडताना तेवढीच रक्कम हातात पडते. एकाकडे एक शेअर असो की शंभर, सभेत मत एकच. त्यामुळे हे शेअर जास्त पैसे मोजून गोळा करायला कुणी येत नाही. आलाच तर निवडणुकीत मत मागायला येतो.

कंपनीच्या शेअरचं गणित वेगळं आहे. तिथं जितके शेअर तितकी मतं. ज्याला कंपनी ताब्यात हवी, त्याला शेअर विकत घ्यावे लागतात आणि एका मर्यादेपुढे कायदा त्याला सांगतो की बाबा, लहान भागधारकालाही विचार. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करून आलेला पोरगाही आता मोबाइलवर डीमॅट खातं चालवतो. अशी विचारणा त्याच्याकडेही येते. पण आपल्या भागात शेअर म्हणजे सभासदत्व ही सवय इतकी मुरलेली आहे की बहुतेक जण ते पत्र वाचतच नाहीत. उरलेल्यांतले काही जण सरकारी नोटीस आल्यासारखे घाबरून शेअर देऊन टाकतात.

ताजं उदाहरण कोल्हापूरचंच आहे. १९४३ साली इथं सुरू झालेली रत्नाकर बँक, म्हणजे आजची आरबीएल बँक. नोंदणीकृत कार्यालय अजून शाहूपुरीतच आहे. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने जाहीर केलं की नवे शेअर घेऊन ती आरबीएलमध्ये सुमारे २६,८५० कोटी रुपये घालणार आणि साधारण ६० टक्के हिस्सा घेणार. भाव ठरला शेअरमागे २८० रुपये. त्याच भावाने बाकीच्या भागधारकांपुढे वाढीव भांडवलाच्या २६ टक्के शेअरसाठी खुला देकार ठेवला गेला, म्हणजे सुमारे ४१ कोटी ५६ लाख शेअर. मौज अशी की आदल्या दिवशी बाजारात हा शेअर तीनशेच्या उंबरठ्यावर बंद झाला होता आणि बातमीनंतर तो तीनशेच्या वर गेला. म्हणजे देकार बाजारभावापेक्षा कमी!

असं का होतं ते समजून घ्या, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. सेबीचे २०११ चे नियम सांगतात की कुणाचा हिस्सा २५ टक्क्यांवर गेला किंवा कंपनीचं नियंत्रण त्याच्या हाती गेलं, तर त्याने किमान आणखी २६ टक्के शेअरसाठी सर्वांपुढे देकार ठेवला पाहिजे. किमान भाव ठरवताना तीन-चार कसोट्या लावतात आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरतात. मूळ सौद्यातला भाव ही एक कसोटी, घोषणेआधीच्या ६० व्यवहार-दिवसांचा सरासरी भाव ही दुसरी. या काळात शेअर चढत गेला असेल तर सरासरी मागे राहते. तेव्हा देकाराचा भाव म्हणजे खरेदीदाराने कंपनीची केलेली किंमत असं समजू नका. बऱ्याचदा तो कायद्याने घातलेला तळ असतो.

विमानतळाच्या विस्तारासाठी गावाने भूसंपादनाच्या नोटिसा पाहिल्या आहेत. तिथं मोबदल्यावर भांडता येत होतं, पण जमीन द्यायचीच नाही असं म्हणायला जागा फारशी नव्हती. खुला देकार तसा नाही. काहीच केलं नाही तर तुमचे शेअर तुमच्याकडेच राहतात, फक्त मालक बदललेला असतो. ‘पत्र आलंय म्हणजे द्यावेच लागणार’ ही समजूत आधी डोक्यातून काढा.

ती किती महाग पडू शकते हे २०२२ मध्ये दिसलं. अदानी समूहाने एनडीटीव्हीसाठी २९४ रुपयांचा देकार दिला होता. २२ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर अशी मुदत होती आणि तेव्हा बाजारात भाव बराच वर होता. तरी सुमारे ५३ लाख शेअर २९४ ला देण्यात आले. त्यांतले मोठे गठ्ठे संस्थांचे होते. लाखो शेअर एकदम बाजारात विकायला गेलं तर भाव कोसळतो, म्हणून त्यांचं वागणं एकवेळ समजतं. पण दोनशे शेअरवाल्याला तीच गोष्ट मोबाइलवर दोन मिनिटांत चढ्या भावाने विकता आली असती. पुढे अदानींनी संस्थापक रॉय दांपत्याचे शेअर ३४२.६५ रुपयांना घेतले आणि देकारात शेअर दिलेल्यांना फरकाचे ४८.६५ रुपये दिले. देकारानंतर २६ आठवड्यांत खरेदीदाराने जास्त भावाने शेअर घेतले, तर काही अपवाद सोडता फरक द्यावा लागतो, असा नियमच आहे. तो लक्षात ठेवा, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

आता अशा सौद्यांवर पैसे लावणं हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्याकडे वळू. विलीनीकरणाची किंवा ताबा घेण्याची बातमी येते. समजा शेअर ४०० ला होता, सौदा ५०० ला ठरला आणि बातमीनंतर बाजारात भाव ४८० झाला. मधले २० रुपये कुणी का सोडलेत? कारण सौदा पुरा व्हायला चार महिने लागतील आणि कदाचित तो होणारही नाही. जुना भागधारक म्हणतो, ८० मिळाले, मला पुरे, आणि विकून मोकळा होतो. त्याच्याकडून ४८० ला घेणारा असतो मर्जर आर्बिट्राजवाला. त्याला कंपनी आवडते की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो फक्त तो २० रुपयांचा स्प्रेड विकत घेतो. चार महिन्यांत ४८० वर २० म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या आत-बाहेर, वर्षाच्या हिशोबाने साडेबारा टक्के. बँकेतल्या ठेवीपेक्षा बरं दिसतं.

पण दुसरी बाजू मांडा. सौदा मोडला आणि भाव पुन्हा ४०० वर आला तर ८० रुपये जातात. चार सौदे जुळले की ८० कमावले, पाचवा फसला की ८० गेले, हातात शून्य. म्हणजे ४८० हा भाव बाजाराच्या तोंडून सांगतोय की सौदा होण्याची शक्यता पाचात चार धरली आहे. तुम्हाला ती त्याहून जास्त वाटते का, आणि का वाटते? सबळ उत्तर असेल तरच या खेळात उतरावं. नुसतं ‘मोठी कंपनी आहे, करणारच’ हे उत्तर नव्हे.

झी आणि सोनीचं बघा. २२ डिसेंबर २०२१ रोजी करार झाला, झीच्या १०० शेअरमागे विलीन झालेल्या कंपनीचे ८५ शेअर असं प्रमाण ठरलं. ऑगस्ट २०२३ मध्ये एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने मंजुरीही दिली. न्यायाधिकरणाची मोहोर उमटली, आता काय राहिलं, असं म्हणत किती तरी लोकांनी शेअर घेतले. २२ जानेवारी २०२४ ला सोनीने करार मोडला आणि दुसऱ्या दिवशी झीचा शेअर सुमारे ३० टक्के पडला. दोन वर्षं जमवलेला स्प्रेड एका दिवसात वाहून गेला. उलट एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचं विलीनीकरण ४ एप्रिल २०२२ ला जाहीर झालं आणि १ जुलै २०२३ पासून अमलात आलं. एचडीएफसीच्या २५ शेअरला बँकेचे ४२. तिथं दोन्ही शेअरच्या भावांत थोडाच फरक राहायचा आणि तो टिपण्यासाठी एचडीएफसी घेऊन बँकेचे फ्युचर विकावे लागत. लॉटचा आकार आणि मार्जिन बघितलं तर ते आपल्यासारख्यांचं काम नव्हतं.

अमेरिकेतही वेगळं नाही. ट्विटरसाठी मस्कने २०२२ च्या एप्रिलमध्ये ५४.२० डॉलरचा करार केला, मग माघार घेऊ लागला, जुलैत शेअर तिशीच्या घरात आला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला ५४.२० च द्यावे लागले. ज्यांनी करारातली कलमं वाचली होती त्यांनी पैसे केले. ज्यांनी मस्कच्या पोस्टी वाचल्या त्यांनी विकले.

माझं मत स्पष्ट सांगतो: दोन-चार लाखांची पुंजी असलेल्याने मर्जर आर्बिट्राज हा धंदा करू नये. पाच-सात सौद्यांत पैसे विभागण्याइतकं भांडवल नसतं आणि एक फसला की कंबरडं मोडतं. पण हा माणूस बाजारात आहे हे माहीत असणं फार उपयोगाचं. तुम्हाला जी जोखीम नको आहे ती घ्यायला तो तयार असतो. घोषणेनंतर भाव सौद्याच्या जवळ आला असेल तर शेवटच्या दोन-तीन टक्क्यांसाठी पाच महिने जीव टांगणीला लावण्यापेक्षा त्याला विकून मोकळं होण्यात कमीपणा नाही.

खुल्या देकारात मात्र आणखी एक मेख आहे आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. खरेदीदार सगळे शेअर घेणार नसतो. वरचेच आकडे धरू. तुमच्याकडे ३०० शेअर, देकार ५०० चा, पण २६ टक्क्यांपुरता. प्रवर्तकांकडे ४० टक्के, जनतेकडे ६० टक्के. जनतेतल्या सगळ्यांनी शेअर दिले तर ६० तले २६ घेतले जातील, म्हणजे तुमच्या ३०० पैकी १३०. उरलेले १७० परत येतात आणि देकार संपला की भावाचा टेकू निघतो. समजा ४२० झाला. १३० चे ६५,००० आणि १७० चे ७१,४००, मिळून १,३६,४००, म्हणजे सरासरी ४५५ च्याही खाली. त्यापेक्षा सरळ ४८० ला बाजारात विकलेले बरे होते! पण जनतेतल्या निम्म्याच लोकांनी शेअर दिले, तर तुमचे २६० घेतले जातात आणि सरासरी ४८९ पडते. मग देकार चांगला.

म्हणजे तुमचा फायदा तुमच्या हुशारीइतकाच बाकीचे भागधारक काय करतात यावर ठरतो. म्हणून पत्र हातात आलं की भावाच्या आधी हिस्सेदारीचं पान उघडा. म्युच्युअल फंड, एलआयसी, परदेशी संस्था यांच्याकडे किती आहे? त्या सहसा देकार कमी वाटला तर देत नाहीत. ज्यांचे शेअर कागदी आहेत आणि ज्यांना पत्राचा पत्ता नाही, असे किती? आरबीएलमध्ये तर प्रवर्तकच नव्हता. आधीचे सुमारे ६१ कोटी शेअर सगळे लोकांकडे आणि संस्थांकडे होते, आणि देकार त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश शेअरसाठी होता. प्रत्येक देकाराचं प्रमाण असं वेगळं काढावं लागतं. शेजाऱ्याच्या कंपनीत काय झालं त्यावरून आपलं ठरवू नये.

‘आपण नाही दिले तरी बाकीचे देतील, मग नव्या मालकाच्या हाताखाली शेअर आणखी वर जाईल’ असाही एक हिशोब असतो. ग्रॉसमन आणि हार्ट या अर्थतज्ज्ञांनी १९८० मध्येच दाखवलं होतं की सगळ्यांनी असा विचार केला तर चांगला सौदाही फसतो. आपल्याकडे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये वेदांता शेअर बाजारातून काढून घेण्याचा प्रवर्तकांचा प्रयत्न असाच बारगळला. किमान भाव ९० च्या आत होता आणि एलआयसीने ३२० मागितले होते. मोठा भागधारक अडून बसला की लहानाला काही वेळा फायदा होतो, काही वेळा सौदाच जातो.

आणि सर्वांत जुनी खोड म्हणजे आपला खरेदीभाव. आरबीएलचा शेअर २०१६ च्या आयपीओत २२५ ला घेतलेला माणूस २८० ऐकून म्हणतो, नफा आहे, देऊन टाकू. २०१९ मध्ये सातशेच्या आसपास घेतलेला म्हणतो, मुद्दल निघाल्याशिवाय देणार नाही. २०२२ च्या जूनमध्ये ऐंशीच्या खाली घेतलेला स्वतःला शहाणा समजतो. शेअर तिघांचाही एकच आहे आणि पुढं त्याचं जे व्हायचं ते तिघांसाठी सारखंच होणार. विचार करायचा तो एवढाच: आज हातात पैसे असते तर मी हाच शेअर या भावाने घेतला असता का?

रोख घ्यायचे की नव्या कंपनीचे शेअर, हा प्रश्न आपल्या भागाने दोनदा पाहिला, तोही सहा-सात महिन्यांच्या अंतराने. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २००६ ला निर्बंध घातले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये गेली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. मतदान नाही, घासाघीस नाही. अशा सक्तीच्या विलीनीकरणात भागधारकाला विचारतच नाहीत. (२०२० मध्ये लक्ष्मी विलास बँकेच्या भागधारकांना तर शून्य मिळालं.) शेजारची सांगली बँक, १९१६ ची, स्वतःहून आयसीआयसीआय बँकेत गेली. कर्मचारी संघटनांचा विरोध होता, तरी १९ एप्रिल २००७ पासून विलीनीकरण झालं. सांगली बँकेच्या ९२५ शेअरला आयसीआयसीआयचे १०० मिळाले. पुढे २०१४ मध्ये त्या शेअरचे एकाचे पाच झाले आणि २०१७ मध्ये दहाला एक बक्षीस मिळाला. ज्याने काही न करता ते १०० तसेच ठेवले त्याच्याकडे आज ५५० आहेत. २०२५ मधल्या भावाने ते सात लाखांच्या वरचे होतात.

यावरून ‘नेहमी शेअरच घ्यावेत’ असा धडा काढू नका. समोर आयसीआयसीआय होती म्हणून हे झालं. शेअर मिळणार असतील तर तुम्ही खरं म्हणजे नव्या कंपनीत पैसे घालत आहात. तिचा ताळेबंद बघायचा, जुनीचा नव्हे.

आता पत्र आल्यावर करायच्या कामांकडे. जाहीर घोषणा, मग सविस्तर निवेदन, मग सेबीच्या शेऱ्यांनंतर देकाराचं अंतिम पत्र असा क्रम असतो. मधल्या काळात काही महिने जातात. शेअर द्यायची मुदत दहा कामकाजी दिवसांची. पहिल्या दिवशी घाईने देऊ नका. एकदा दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत, आणि त्या दहा दिवसांत बाजारभाव देकारावर गेला तर हात चोळत बसावं लागतं. शेवटच्या दिवसावरही टाकू नका, कारण ब्रोकरची वेळ एक्स्चेंजच्या आधी संपते. त्यापूर्वी कंपनीच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीने दिलेली शिफारस वाचा. ती बहुतेक वेळा गुळमुळीत असते, पण बाजारभाव देकारापेक्षा जास्त असेल तर ते वाक्य तिच्यात सापडतं. शेअर एक्स्चेंजमार्फत दिले की कर बाजारातल्या विक्रीसारखाच: सध्याच्या दराने वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के आणि वर्षानंतरच्या नफ्यावर सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के. पत्राची खात्री सेबीच्या संकेतस्थळावर करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून कुणी देकार स्वीकारत नसतं.

शेअर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतील तर दहा दिवसांत वारसनोंद होत नाही. तिघा भावांची संमती, मृत्यूचा दाखला, बँकेची सही-पडताळणी यांतच महिने जातात. भावकीत ते काम देकार येण्याआधी उरकलेलं बरं. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून थेट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. तेव्हा ‘जुने कागद आम्ही रोख घेतो’ म्हणत दारात येणारा माणूस तुमची अडचण ओळखून आलेला असतो. भाव ऐकण्याआधी त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि रत्नाकर बँकेचे किंवा सांगली बँकेचे जुने दाखले घरात असतील तर या आठवड्यात ते बाहेर काढा. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत गेलेले असू शकतात. त्या निधीच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, परत मिळवण्याच्या अर्जाला सरकारी शुल्क नाही, आणि दावा करायला मुदतीचं बंधन नाही.